एक्केचाळीस चौकोन

अक्कानं ट्रंक पायानं माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "तूच उघड. माझ्यानं व्हायचं नाही."

ट्रंक वैजूची होती, अक्काच्या लेकीची. लग्नात अक्कानंच दिलेली, हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घातलेली. वैजूला जाऊन बावीस दिवस झाले होते आणि त्या दिवशी सकाळी तिच्या सासरहून एक टेंपोवाला ती दारात ठेवून गेला होता. बरोबर माणूस नाही, चिठ्ठी नाही.

मी कडी काढली. वर एक टॉवेल, खाली साड्या, परकर, ब्लाउज. सगळं धुऊन, घड्या घालून रचलेलं. अक्काची म्हातारी मांजर मथी कुठूनशी आली, ट्रंकेच्या काठावर पुढचे पाय ठेवून तिनं वास घेतला आणि आत उतरून साड्यांवर बसली. अक्का तिला हाकलेल असं मला वाटलं. तिनं हाकललं नाही.

"धुतलंय सगळं," अक्का म्हणाली. "पोरीचा वाससुद्धा ठेवला नाही."

"अक्का, हे असंच ठेवलंस तर रोज उघडून बसशील," मी म्हटलं. "गोधडी शिवूया याची. चौकोनांची. मी येत जाईन रोज दुपारी."

तिनं मथीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "शिवू. पण कापायचं तू. मला ते जमायचं नाही."

मला तेवढंच हवं होतं.

हे शहाण्णव सालचं, मार्गशीर्षातलं. अक्का माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली. माझी वेणी घालण्यापासून मला सुई धरायला शिकवण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. तिचे यजमान मागावर काम करायचे, ते तरणेच गेले. त्यानंतर इचलकरंजीतल्या आमच्या कोष्टी गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात, मागांसाठी सुताच्या कांड्या भरून आणि लोकांच्या गोधड्या शिवून तिनं एकटीनं वैजूला वाढवलं. मी दहा मिनिटांवर राहत होते. मला मूल झालं नाही. वैजू अर्धी माझ्याच घरी मोठी झाली.

तिचं लग्न मी जमवलं. सुधाकर म्हणजे माझ्या नणंदेचा एकुलता एक मुलगा. नदीपलीकडच्या गावात त्यांचा मळा, पक्कं घर. माहितीतलं स्थळ, घरातल्या घरात, असं मीच अक्काला सांगितलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली आणि कार्तिकात एका सकाळी वैजू घरामागच्या विहिरीत सापडली. दोन दिवस ती घरात नव्हती आणि माहेरी गेली असेल असं वाटलं, असं सासरच्यांनी सांगितलं. पाणी काढताना पाय घसरला असणार, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं.

अक्कानं ते एक दिवसही मानलं नाही. ती दोनदा त्या गावच्या ठाण्यात जाऊन आली होती. दोन्ही वेळा तिला एकच प्रश्न विचारला गेला. पोरगी त्रासाबद्दल कुणापाशी काही बोलली होती का? कुणाला काही दाखवलं होतं का? असं कुणी असेल तर घेऊन या.

अक्का वैजूच्या शाळेतल्या मैत्रिणींकडं गेली, शेजारणींकडं गेली. कुणालाच काही माहीत नव्हतं. ट्रंक आली त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं मलाही विचारलं होतं.

"पमे, तुझ्यापाशी कधी काही बोलली?"

"नाही गं," मी म्हटलं होतं. "बोलली असती तर सांगितलं नसतं का तुला?"

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही बसलो. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक वीतभर चौकोन अक्कानं कापून दिला. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, शिवणीपुरतं जास्त सोडून कापायचं. मी कापायची आणि अक्का जोडायची. दोन चौकोन सुलट बाजू आत करून धावदोऱ्यानं जोडायचे, मग चार, चारांचा एक ठोकळा. तिच्या हाताला इतकी सवय होती की बघायलाही लागायचं नाही. ती दाराकडं बघत शिवायची.

मांजरं दोन. मथी आणि तिचा पोरगा लाल्या. मथीला वैजूनंच आणलं होतं, दहावीत असताना, कुठल्यातरी मागाच्या शेडमधून, फ्रॉकच्या ओच्यात घालून. लाल्या दांडगट होता. दोरा दिसला की झेप घ्यायचा, रिळं पलंगाखाली ढकलायचा. मथी मात्र बसली की बसली. कापडाच्या ढिगावर पंजे रोवून दोन-चारदा मळल्यासारखं करायची आणि अंग टाकायची. खालचं कापड हवं असेल तर तिची झोप होईपर्यंत थांबायचं, असा त्या घराचा नियमच होता.

गल्लीत दिवसभर मागांची खटखट. बोलायचं तर आवाज चढवून बोलावं लागायचं, म्हणून आम्ही फारसं बोलत नव्हतो. मधेच अक्का एखादा चौकोन उजेडाकडं धरायची.

"ही तिनं पहिल्या दिवाळीला नेसली होती."

"हो."

"इथं तेलाचा डाग होता. गेलेला दिसतोय."

कधी शिवण लांब असली की ती एका टोकाकडून आणि मी दुसऱ्या टोकाकडून यायची. मी डावखुरी. लहानपणी अक्कानं माझ्या उजव्या हातात सुई द्यायचा खूप प्रयत्न केला, शेवटी कंटाळून सोडून दिला. त्यामुळं माझा टाका तिच्या टाक्याच्या उलट बाजूला कलतो. दोघींच्या शिवणी मधे भेटल्या की तिथं टाके एकमेकांकडं तोंड करून उभे राहिल्यासारखे दिसतात.

पहिल्या दोन दिवसांत मी साड्या कापल्या. ब्लाउज ट्रंकेच्या तळाशी होते. तिसऱ्या दिवशी अक्का मागच्या बाजूला कांड्यांचं पोतं उतरवून घ्यायला गेली, तेव्हा मी भराभर खालपर्यंत हात घातला. मला तीन ब्लाउज हवे होते. एक जांभळा, एक मोरपंखी आणि एक फिकट गुलाबी. जांभळा आणि मोरपंखी सापडले. मी त्यांच्या बाह्या खांद्यापासून कापल्या, घडी करून माझ्या पिशवीत तळाशी कोंबल्या आणि वर भाजीची जुडी ठेवली. अंगाचे भाग तेवढे चौकोनांत गेले. अक्का परत आली तोवर मी पुठ्ठा ठेवून खडू ओढत होते.

गुलाबी ब्लाउज ट्रंकेत नव्हता. तो आदल्या दिवशीच बाहेर काढलेल्या ढिगात होता आणि त्या ढिगावर मथी झोपली होती. त्याची एक बाही तिच्या पोटाखालून बाहेर आलेली दिसत होती. मी हळूच ओढून पाहिली.

"राहू दे," अक्का म्हणाली. "निजलीय ती. उद्या कापू."

"एवढा घेते की. एवढ्यात व्हायचा कापून."

"पमे, घाई कशाची आहे आपल्याला?"

संध्याकाळ होईपर्यंत मी थांबले. मथी उठली नाही.

घरी आले तर वन्सं आलेल्या होत्या. माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणायची. आई-वडिलांच्या मागे त्यांनीच माझ्या नवऱ्याला वाढवलं, शिकवलं, सूतगिरणीत चिकटवलं. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्या पलंगावर बसल्या होत्या आणि हे समोर खुर्चीवर.

"ये गं," वन्सं म्हणाल्या. "कशा आहेत तारामतीबाई?"

"आहेत तशाच."

"त्यांना समजव जरा. सारख्या ठाण्यात जाऊन बसतायत. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. त्यांची लेक गेली तशी आमची सूनही गेलीच ना?"

मी हातपाय धुवायला मोरीत गेले. त्यांनी तिथूनच विचारलं, "चैत्रात ती तुझ्याकडं आली होती म्हणे एकदा. वैजयंती."

मी तांब्या पायांवर उपडा केला. "आली होती. उभ्या उभ्या."

"काय बोलली?"

"काही नाही."

"मग ठीक," वन्सं म्हणाल्या.

त्या गेल्यावर हे म्हणाले, "ताई काय म्हणाली ते ध्यानात ठेव. गेलेली पोरगी परत येणार नाही. जी माणसं आहेत ती तरी राहू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवताना मी पिशवीतल्या चारही बाह्या आत घातल्या. नायलॉनमिश्रित कापड होतं, धूर काळा झाला. हे आंघोळीला थांबले होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्या दिवशी जेवण लवकर आटपून मी अक्काकडं निघाले. बाराचा सुमार असेल. गल्लीत शिरले तेव्हाच वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटला.

अक्का दारातल्या उजेडात बसली होती. समोर लाल्या ताटलीतलं दूध पीत होता. अक्काच्या मांडीवर गुलाबी ब्लाउज होता, उलटा केलेला. ती एका बाहीवरून अंगठा फिरवत होती.

"बस," ती म्हणाली.

मी बसले.

"हा मी शिवून दिला होता. बाही चार बोटांची होती. बघ, इथं माझी शिवण आहे. याच्या खाली ही पट्टी जोडलीय. रंग जवळचा आहे पण तो नव्हे. कोपराच्या खालपर्यंत येते ही बाही."

"फॅशन असेल."

"हाताची शिवण आहे, पमे."

मी बाहीकडं हात केला.

"टाका बघ." तिनं ब्लाउज माझ्यासमोर धरला. "मी तुला सुई धरायला शिकवली. हजार टाक्यांत मी तुझा टाका ओळखीन. हा तू शिवलायस."

लाल्यानं दूध संपवलं आणि तो ताटली चाटत राहिला. ती फरशीवर घासून आवाज येत होता.

"काल त्या दोन झंपरांच्या बाह्या कुठं गेल्या?" अक्कानं विचारलं. "मी रात्रीपासून चौकोन मोजतेय. अंगाचं कापड आहे. बाह्यांचं एकही नाही."

तेव्हा मी सांगितलं.

चैत्रात वैजू सकाळच्या गाडीनं माझ्याकडं आली. हातात कापडी पिशवी, चार दिवसांचे कपडे. हे गिरणीत गेले होते. तिनं दार लावून घेतलं आणि पदर बाजूला करून दोन्ही हात दाखवले. दंडापासून कोपरापर्यंत चट्टे होते, काही जुने, काही ओले. उलथण्याच्या पात्याएवढे.

"मावशी, ते चटके देतात," ती म्हणाली. "आणि आत्या बाहेरून कडी लावतात. मी ओरडले की रेडिओ मोठा करतात." सासूला ती आत्या म्हणायची.

मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, कशावरूनही. भाजी तिखट झाली, दिवस राहत नाहीत, मी हसले, मी हसले नाही.

"मला चार दिवस ठेव इथं. आईकडं गेले तर ती तडक तिकडं जाऊन भांडेल आणि मग ते मला जिवंत ठेवायचे नाहीत. तू आत्यांशी बोल. तुझं ऐकतील त्या. तू त्यांच्या घरातली आहेस."

मी म्हटलं, बोलते. पण चार दिवस राहिलीस तर बभ्रा होईल, तुझ्या सासरचे काय म्हणतील, आमचे हे काय म्हणतील. आज परत जा, मी येत्या रविवारी येऊन बोलते. तिच्या हातांना मी हळद आणि लोणी लावलं. ती म्हणाली, "हे झाकू कसं? बायका विचारतात." तिचे ब्लाउज आखूड बाह्यांचे. माझ्याकडं कापड पडलेलं होतं. तिच्या पिशवीतले तीन ब्लाउज घेऊन मी त्यांना पट्ट्या जोडल्या. ती शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. मग मी तिला साडेतीनच्या गाडीत बसवून दिलं.

रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. वन्संसमोर तो विषय काढायची हिंमत मला झाली नाही. आषाढात एका लग्नात वैजू भेटली. तिच्या अंगात मोरपंखी ब्लाउज होता. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "बरी आहे."

एवढं सगळं मी जमिनीकडं बघत सांगितलं. वर पाहिलं तेव्हा अक्का तशीच बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मी तुला गेल्या आठवड्यात विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या बाह्या?"

"जाळल्या."

"म्हणून गोधडी."

मी मान हलवली.

मला वाटलं ती मारेल. लहानपणी मारायची. पण ती उठली. सुई रिळाला टोचून ठेवली. गुलाबी ब्लाउज वर्तमानपत्रात गुंडाळला, त्याला दोरा बांधला. जोडलेले सगळे चौकोन एका उशीच्या अभ्र्यात भरले. मांजरांसाठी भाकरी कुस्करून ठेवली. मग पायात चपला घातल्या आणि दारात उभी राहिली.

"चल."

"अक्का, मला घरी विचारून—"

"तुला कुणाला विचारायचं होतं ते चैत्रात विचारून झालंय. चल."

त्या गावाला जाणारी गाडी स्टँडवर लागलेली होती. आम्ही एका बाकावर बसलो. चाळीस मिनिटांचा रस्ता. अभ्रा तिच्या मांडीवर होता. नदीचा पूल आला तेव्हा मला उलटी आली आणि मी खिडकीतून ओकले. तिनं तोंड पुसायला पदर पुढं केला नाही.

ठाण्यातल्या साहेबानं जबाब लिहून घेतला. सगळं ऐकल्यावर त्यानं विचारलं, "बाई, एवढे दिवस गप्प का बसला होता?" मी म्हटलं, भीतीपायी. त्यानं तेच लिहिलं. मग अभ्रा उलटा केला आणि शिपायाकडून चौकोन मोजवून घेतले. एक्केचाळीस भरले. ब्लाउज आणि चौकोन मुद्देमाल म्हणून ठेवून घेतले, अक्काला पावतीवर अंगठा करायला सांगितला. तिनं सही केली.

घरी परतले तेव्हा यांना आधीच कळलेलं होतं. माझं एक लुगडं, दोन ब्लाउज आणि वहाणांचा जुना जोड दाराबाहेर ओट्यावर ठेवलेला होता. मी कडी वाजवली. आतून ते म्हणाले, "जिच्यासाठी हे केलंस तिच्याकडं जा." मी आणखी दोनदा वाजवली. मग कपडे उचलले आणि अक्काकडं आले. तिनं दार उघडलं, मला आत घेतलं, ताट वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली.

खटला अडीच वर्षांनी उभा राहिला. सुधाकर आणि वन्सं दोघंही पिंजऱ्यात होते. माझी साक्ष दोन दिवस चालली. त्यांच्या वकिलाचा आवाज अगदी मऊ होता.

"चट्टे तुम्ही पाहिले. डॉक्टरकडं नेलंत?"

"नाही."

"पोलिसांत?"

"नाही."

"तिच्या आईला सांगितलंत?"

"नाही."

"बाह्या तुम्हीच शिवल्या. तुम्हीच कापल्या. तुम्हीच जाळल्या. आणि आता तुम्हीच सांगता की त्या चट्टे झाकायला होत्या." त्यानं कागद उलटला. "तुमच्या यजमानांनी तुम्हाला घराबाहेर काढलंय, हे खरं?"

"खरं."

"त्यांच्या बहिणीबद्दल तुमच्या मनात राग आहे?"

मी म्हटलं, "आहे."

आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. देह दोन दिवस पाण्यात राहिल्यामुळं कातडीवरच्या जुन्या खुणांबद्दल डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. एका गुलाबी ब्लाउजवरून काही सिद्ध होत नव्हतं. निकालात माझ्याबद्दल दोन ओळी होत्या. ही साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही, असं त्यांत म्हटलं होतं. दोघंही सुटले. पुढच्या वर्षी सुधाकरचं दुसरं लग्न झालं. वन्सं सात वर्षांनी गेल्या. यांनी मला न्यायला कधी माणूस पाठवला नाही आणि मी गेले नाही.

ते चौकोन परत मिळाले नाहीत. अक्कानं दोन अर्ज केले. मग सोडून दिलं.

मी तिच्याच घरी राहिले, अठरा वर्षं. ती कांड्या भरायची, मी स्वयंपाक करायची. दुपारी ती लोकांच्या गोधड्या शिवायची. मी कात्रीला हात लावला नाही आणि तिनं कधी लाव म्हटलं नाही. मथी मेली, लाल्या एक दिवस गेला तो आलाच नाही. मग दुसरी मांजरं आली. त्यांना नावं मीच ठेवली, अक्कानं त्या नावांनी कधी हाक मारली नाही. मलाही ती नावानं हाक मारत नसे. "ऐकलंस का," "जेवून घे," "दाराला कडी घाल," एवढंच. कुणी आलं तर माझी ओळख करून देताना "बहीण आहे" म्हणायची. त्यात तुसडेपणा नव्हता. मी आजारी पडले की रात्रभर उशाशी बसायची. पण चैत्रातल्या त्या दिवसाबद्दल तिनं मला पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेवटच्या वर्षी तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी तिचं अंग पुसायची, कूस बदलायची, चमच्यानं पेज भरवायची. पायथ्याशी एक पांढरी मांजर बसून असायची. अक्काला तिचं ओझं होईल म्हणून मी ती उचलायला गेले की अक्का डोळ्यांनीच नको म्हणायची.

जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. तिनं दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला तोंड मिटलं.

"पमे," ती म्हणाली.

अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी चमचा वाटीत ठेवला.

"काय अक्का?"

"त्या दिवशी ती तुझ्याकडनं जेवून गेली का?"

कुठला दिवस, कोण, हे मला विचारावं लागलं नाही. हो म्हणणं सोपं होतं. ती आता कुणाला विचारायला जाणार नव्हती. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "पानावर बसली होती. दोन घास खाल्ले असतील. गाडी चुकेल म्हणून मीच तिला उठवलं."

अक्कानं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी वाटी खाली ठेवली, तिच्या ओठांचे कोपरे पुसले. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "भाजी कशाची होती?"

"दोडक्याची."

बाहेर मागांची खटखट चालू होती. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"दोडका ती खायची नाही," अक्का म्हणाली.